लीन पद्धत आपल्या धंद्यात आणताना: काजूच्या कारखान्यापासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत

गोव्यातील वेर्णा, कुंडई किंवा पिसुर्ले यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत गेलात, तर लीन पद्धत, म्हणजे कामातला अपव्यय कमी करण्याची टोयोटाची रीत, राबवत असल्याच्या खुणा बऱ्याच कारखान्यांत दिसतात. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात, हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली असते आणि भिंतीवर फाइव्ह एसचा (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच पायऱ्यांचा) फलक लावलेला असतो. यांत गैर काहीच नाही. मात्र त्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत तोच माल आठ-आठ दिवस पडून राहत असेल, तर केवळ रंगाचा खर्च वाढला असे म्हणावे लागेल. एका उद्योगातील साधने जशीच्या तशी उचलून दुसऱ्या उद्योगात नेली की बहुधा असेच होते. सगळीकडे नेता येण्याजोगा असतो तो एक प्रश्न: आपल्याकडे काय थांबून राहते, कुठे थांबते आणि कशामुळे? या प्रश्नाच्या अनुरोधाने काम कसे सुरू करावे आणि निरनिराळ्या धंद्यांत त्याचे रूप कसे बदलते, ते पुढे मांडले आहे.

ही पद्धत सुबत्तेतून आलेली नाही, एवढा इतिहास लक्षात ठेवावा. १९५० मध्ये टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगार कपात झाली, संप झाला आणि किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. त्याच वर्षी एइजी टोयोडा यांनी अमेरिकेत फोर्डचा रूज येथील कारखाना पाहिला. एकाच प्रकारचा माल प्रचंड संख्येने काढायचा आणि गोदामात ठेवायचा ही तिथली रीत होती; परंतु तेवढे भांडवल, तेवढी जागा आणि तेवढे गिऱ्हाईक टोयोटाकडे नव्हते. टोयोटाचे अभियंता ताइइची ओनो यांनी या अडचणीतूनच वाट काढली. गिऱ्हाइकाने जेवढे उचलले तेवढेच पुन्हा भरायचे, ही अमेरिकन सुपरमार्केटच्या फळीची रीत त्यांनी कारखान्यात आणली आणि अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची विनाकारण ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, माणसांची विनाकारण हालचाल आणि सदोष माल. यांत पहिला सर्वांत वाईट, कारण बाकीचे सहाही त्याच्या पोटात लपतात. ‘लीन’ हे नाव फार नंतरचे, १९८८ मध्ये संशोधक जॉन क्राफ्चिक यांनी वापरलेले. भांडवल कमी, जागा कमी आणि गिऱ्हाईक चोखंदळ, या तिन्ही गोष्टी गोव्यातल्या लहान उद्योजकाला चांगल्याच परिचयाच्या आहेत.

पहिले काम: एका वस्तूच्या मागे चालणे

सुरुवातीला सगळा कारखाना हाती घेऊ नये. एकच वस्तू निवडावी: एक ऑर्डर, काजूचा एक लॉट, एक रुग्ण किंवा एक फाइल. ती जिथून आत येते तिथून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तिच्याबरोबर स्वतः चालावे आणि प्रत्येक टप्प्यावर तीन वेळा टिपाव्यात: ती तिथे केव्हा पोहोचली, तिच्यावर काम केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले. मग कागदावर दोन रकाने करून एकात प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि दुसऱ्यात थांबण्याचा वेळ लिहावा. पहिल्या रकान्याची बेरीज तासांत आणि दुसऱ्याची दिवसांत येणे हा नेहमीचा अनुभव आहे, आणि तसे दिसले की लोक अधिक वेगाने काम करत नाहीत ही मालकांची आवडती तक्रार आपोआप मागे पडते.

हे करताना दोन पथ्ये पाळावीत. टिपण स्वतः पाहून करावे, सुपरवायझरला विचारून नव्हे. कारण तो काम कसे व्हायला हवे ते सांगतो, कसे होते ते नाही. दुसरे, आपण मालाचा वेळ मोजत आहोत, माणसांचा नाही, हे कामगारांना आधीच आणि त्यांच्या भाषेत सांगावे. हातात घड्याळ घेतलेला माणूस शेजारी उभा राहिला की कोणाचेही हात एरवीसारखे चालत नाहीत.

काजू: दोष जिथे होतो तिथेच दिसला पाहिजे

काजू बी वाळवणे, वाफेवर शिजवणे, थंड करणे, कापून गर काढणे, बोर्म्यात (गरम हवेच्या बंद खोलीत) सुकवणे, साल काढणे, प्रतवारी आणि पॅकिंग, असा हा प्रवास असतो. डब्ल्यू ३२० या प्रतीत एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात. डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून बराच मोठा आणि महाग गर. तुकड्याचा भाव अख्ख्या गरापेक्षा पुष्कळ खाली असल्यामुळे या धंद्यातला नफा-तोटा अखेर गर किती अख्खे निघतात यावर ठरतो.

बहुतेक ठिकाणी तुकडे मोजले जातात ते प्रतवारीच्या टेबलावर, म्हणजे बी कापल्यानंतर दोन-तीन दिवसांनी. तोवर वाफ कमी पडली होती, बी पुरेशी थंड झाली नव्हती की कापणी यंत्राच्या पात्याचे अंतर चुकले होते, हे सांगणारा कोणताही पुरावा उरलेला नसतो. सगळे लॉट एकमेकांत मिसळलेले असतात आणि मग साल काढणाऱ्या बायकांवर खापर फुटते. सुधारणा साधी आहे. वाफेच्या प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा, त्यातल्या मूठभर बिया आधी कापून पाहाव्यात आणि तुकड्यांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर पुढची कापणी थांबवून कारण शोधावे. किइचिरो यांचे वडील साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचे तत्त्व हेच होते: धागा तुटताच माग आपोआप थांबे आणि सदोष कापड पुढे विणले जात नसे. काम थांबवण्याचा अधिकार कापणी करणाऱ्या बाईला द्यावा लागतो, ही गोष्ट मालकांना सगळ्यांत जड जाते. जिथे मजुरी किलोवर असते तिथे थांबणे म्हणजे तिचे पैसे बुडणे. म्हणून थांबलेल्या वेळेची मजुरी आधी ठरवल्याशिवाय हा नियम फलकावर लिहू नये.

फलकाविषयीही थोडे सांगायला हवे. अनेक कारखान्यांत सूचना इंग्रजीत असतात आणि टेबलावर बसलेल्या बायका कोकणी, मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या असतात. अशा वेळी काचेच्या एका पेटीत अख्खा गर, पाकळी, तुकडा आणि करपलेला गर प्रत्यक्ष ठेवावेत. कोणत्याही भाषांतरापेक्षा ती पेटी लवकर समजते.

टप्प्यांच्या मधला साठाही कमी करावा. बोर्म्यातून काढलेला गर पावसाळी हवेत पडून राहिला की ओल धरतो आणि साल चिकटून बसते. ती सोडवताना गर मोडतो. म्हणून साल काढणारे हात जेवढे, तेवढाच गर बोर्म्यातून काढावा. कच्च्या बियांच्या साठ्याला मात्र हा नियम लावू नये. स्थानिक बी उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच मिळते आणि कारखाना वर्षभर चालवायचा असेल तर ती भरून ठेवावीच लागते. साठा म्हणजे अपव्यय, एवढेच पाठ केलेला सल्लागार इथे चुकीचा सल्ला देऊन जाईल.

औषधनिर्मिती: कमी करावी ती बदलाची वेळ

औषध कारखान्यात प्रमाणित झालेली प्रक्रिया मनाला येईल तशी बदलता येत नाही. शेड्यूल एमचे (औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीचे सरकारी) नियम आणि बदल-नियंत्रणाची कागदपत्रे आड येतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून सुरुवात पॅकिंगपासून करावी. गोळ्या फॉइलच्या पट्टीत बंद करणाऱ्या ब्लिस्टर पॅकिंगच्या लाइनवर एक उत्पादन संपून दुसरे सुरू होईपर्यंतचा वेळ पाहिला, तर त्यातला बराचसा वेळ शोधाशोधीत आणि वाट पाहण्यात गेलेला आढळतो. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९५० मध्ये हिरोशिमात, आजच्या माझदाच्या कारखान्यात, नेमके हेच पाहिले होते: प्रेसचा साचा बदलताना एक बोल्ट सापडेना, म्हणून कामगार तो शोधत फिरला आणि तोवर यंत्र बंदच होते. त्यावरून त्यांनी कामाचे दोन भाग केले: यंत्र थांबवल्यावरच करता येणारे आणि ते चालू असतानाही उरकता येणारे.

ब्लिस्टर लाइनवर फॉर्मिंग व सीलिंगचे साचे बसवणे आणि लाइनची सफाई ही कामे यंत्र थांबल्यावरचीच आहेत. पुढच्या उत्पादनाचे साचे धुऊन, तपासून, क्रमाने ट्रॉलीवर लावणे, बॅच क्रमांकाचे छपाईचे ठसे तयार ठेवणे आणि स्टोअरमधून फॉइल व कार्टन काढून घेणे ही कामे मात्र आधीची बॅच चालू असतानाच होऊ शकतात. फक्त पुढच्या बॅचची छापील सामग्री लाइन क्लिअरन्स (आधीच्या बॅचचे काही उरलेले नाही याची तपासणी) होण्यापूर्वी लाइनजवळ आणायची नाही. ती बाहेर कुलूपबंद पिंजऱ्यात ठेवावी. कार्टनची सरमिसळ झाली तर वाचवलेली मिनिटे काही कामाची नाहीत. गुणवत्ता विभागाच्या अधिकाऱ्याला सफाई संपल्यावर फोन करण्याऐवजी बॅच संपण्याची अंदाजे वेळ आधीच कळवावी. एवढ्या एका गोष्टीने पुष्कळ फरक पडतो आणि तिला पैसा लागत नाही. बदल लवकर होऊ लागला की लहान बॅच परवडतात. लहान बॅच काढायचे आधी ठरवले नाही, तर वाचलेल्या वेळात आणखी मोठ्या बॅच काढून गोदाम भरण्याचा मोह होतो.

दवाखाना: रांग कुठून येते

सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून टोयोटाची पद्धत रुग्णसेवेत आणली, तेव्हा माणूस म्हणजे मोटार नव्हे, हा आक्षेप आलाच. आक्षेप रास्त आहे. पण इथे कमी करायचा आहे तो रुग्णाचा बाकावरचा वेळ, डॉक्टरांबरोबरचा नव्हे. सत्तरी किंवा काणकोणातून सकाळच्या पहिल्या कदंबा बसने निघालेल्या रुग्णाला चार मिनिटांच्या तपासणीसाठी अर्धा दिवस बसावे लागते, तेव्हा हा फरक चांगला कळतो.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम इथे थेट कामाला येतो: थांबलेल्यांच्या संख्येला तासाला पाहिल्या जाणाऱ्यांच्या संख्येने भागले की थांबण्याचे तास मिळतात. डॉक्टर तासाला १५ रुग्ण पाहत असतील आणि बाकांवर ४५ जण असतील, तर शेवटच्याला तीन तास लागणार. सगळ्यांना नऊ वाजता बोलावल्यानेच ही रांग तयार होते. अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट करून वेळ द्यावी आणि तसे करताना बसच्या वेळा पाहाव्यात; नाहीतर गावचा रुग्ण नऊलाच येणार आणि वेळापत्रक कागदावर राहणार. प्रयोगशाळेतही अकरापर्यंत नमुने साठवून एकदम तपासायला घेण्याची रीत असते, त्यामुळे अहवाल दुपारी येतात आणि डॉक्टरांकडे दुसरी रांग लागते. नमुने लहान गटांत पाठवले की त्याच यंत्रावर, तेवढ्याच माणसांत ही दुसरी रांग ओसरते. तातडीच्या विभागात मात्र रिकामी खाट आणि मोकळी परिचारिका हा अपव्यय समजू नये.

खानावळ आणि यार्ड

खानावळीत हिशेब आणखी सोपा आहे. साडेबारा ते अडीच या १२० मिनिटांत ६० थाळ्या जात असतील, तर दर दोन मिनिटांना एक थाळी बाहेर पडली पाहिजे. यालाच टाक्ट टाइम म्हणतात. रवा लावलेला बांगडा तळायला आठ मिनिटे धरली, तर तव्यावर सतत चार बांगडे हवेत आणि दर दोन मिनिटांनी एक उतरून एक चढला पाहिजे. बारालाच तीस बांगडे तळून ठेवले की पहिल्या दहा गिऱ्हाइकांनंतरच्यांना नरम पडलेला रवा मिळतो. हुमण, भात आणि सोलकढी आधी करून ठेवण्यात काही बिघडत नाही.

मांडवी-जुवारीच्या काठावरच्या बार्ज दुरुस्ती यार्डात प्रत्येक काम वेगळे असते, म्हणून ही पद्धत इथे चालणार नाही असे सांगितले जाते. बार्ज वेगळी असली तरी वेल्डरचे थांबणे नेहमीचेच असते: प्लेट कापून आलेली नाही, परांची बांधलेली नाही, गरम कामाचा परवाना मिळालेला नाही. आठवड्याच्या सुरुवातीला पुढच्या कामांची यादी करावी आणि ज्या कामाची प्लेट, परांची, ड्रॉइंग आणि परवाना हे सगळे तयार आहे तेच वेल्डरच्या हाती द्यावे. इलेक्ट्रोड आणि बोल्टसाठी दोन डबे पुरतात. पहिला रिकामा झाला की तो स्टोअरला जातो आणि तोच मागणीचा कागद ठरतो.

माणसे, पैसा आणि हंगाम

सुधारणेमुळे मोकळा झालेला माणूस घरी पाठवला, तर त्या दिवसानंतर कोणीही सूचना करणार नाही. मोकळ्या झालेल्या माणसाला कोणते काम द्यायचे हे आधी ठरवावे आणि सर्वांसमोर सांगावे. ते ठरत नसेल तर काम सुरूच करू नये.

सल्लागाराच्या खर्चासाठी केंद्र सरकारची एमएसएमई (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग) कॉम्पिटिटिव्ह लीन योजना आहे. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बेसिक, इंटरमीडिएट आणि अॅडव्हान्स्ड असे तीन टप्पे असून सल्ला व मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलेल असे जाहीर झाले. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादन घटकांसाठी ती आहे. हॉटेल किंवा दवाखाना चालवणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये. अर्जापूर्वी दोन रकान्यांचा कागद स्वतः तयार करावा, म्हणजे सल्लागाराचे पहिले दिवस आपल्याला माहीत असलेलेच शोधण्यात जाणार नाहीत.

गोव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. डिसेंबरमध्ये मोजलेले आकडे जुलैत लागू पडत नाहीत: पर्यटक ओसरलेले असतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते आणि हवेतली ओल वाढलेली असते. म्हणून टाक्ट टाइम, डब्यांतली संख्या आणि रुग्णांच्या वेळा वर्षातून निदान दोनदा, एकदा भर हंगामात आणि एकदा पावसात, नव्याने मोजून बदलाव्यात. चतुर्थीच्या आठवड्याचे आकडे मात्र दोन्हींतून वगळावेत, कारण त्या दिवसांत निम्मा कारखाना गावी असतो.