जुन्या फौजी रायफलीवर नेमबाजी : या चुका टाळा

गोव्यातील एका गणवेशधारी दलाच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, मी अनेक वर्षे आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून काम केले. त्या काळात थ्री-नॉट-थ्री, म्हणजेच 1907 साली स्वीकारलेल्या मार्क तीन नमुन्याची ली-एनफील्ड रायफल, माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेली. हा बोअर खाजगी परवान्यावर मिळत नाही. परवानाधारकांकडे असते ती बहुधा त्याच घडणीच्या बोल्टवर (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा) बेतलेली इशापूरची 315 बोरची रायफल. निवृत्तीनंतर नेमबाजी शिकू पाहणारी मुले माझ्याकडे येतात ती तीच रायफल घेऊन, आणि चुकाही त्याच घेऊन. त्यांतील बहुतेक चुका अज्ञानापेक्षा घाईतून होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चूक शिस्त घेतानाची, म्हणजे नेम धरतानाची. थ्री-नॉट-थ्रीच्या माशीच्या (नळीच्या टोकावरचे नेमाचे पाते) दोन्ही बाजूंना तिला ठोकर लागू नये म्हणून लोखंडी कान असतात, आणि नवशिका घाईत त्यांपैकी एका कानालाच माशी समजून चाप ओढतो. प्रत्येक गोळीपूर्वी मधले पाते ओळखल्याशिवाय श्वास रोखू नये.

दुसरी चूक याहून महाग पडते. मार्क तीनच्या नेम धरायच्या मागच्या खाचेची अंतरे दाखवणारी पट्टी दोनशे यार्डांपासून सुरू होते. त्यामुळे शंभर यार्डांवर गोळी लक्ष्याच्या काही इंच वर लागणे स्वाभाविक आहे, आणि तिथे शिस्त खाली धरावी लागते. हे ठाऊक नसलेला माणूस रायफल बिघडली असे मानतो आणि कानस घेऊन माशी घासतो. घासलेली माशी ठेंगणी होते, ठेंगणी माशी खाचेच्या रेषेत आणण्यासाठी नळीचे तोंड अधिक उचलावे लागते, आणि गोळी पूर्वीपेक्षाही वर जाते. माशी बदलायची असेल तर वेगळ्या उंचीची पाती असतात; ते काम आर्मररचे आहे. माझ्या शिकाऊ मुलांना मी कानस हातात घेऊ देत नाही.

आता दस्त्याविषयी, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाविषयी, थोडे विस्ताराने लिहितो, कारण या चुकीने मी चांगल्या रायफली वाया गेलेल्या पाहिल्या आहेत. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की लाकूड आकसते आणि दस्ता हातात किंचित हलू लागतो. मागच्या पितळी पट्टीतील झाकण उघडले की आत खोलवर दस्ता रायफलीला जोडणारा एक वेगळा लांब बोल्ट दिसतो, तेव्हा लांब पेचकस घालून तो आवळावा असे कोणालाही वाटते. परंतु मार्क तीनमध्ये त्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडातील एका लोखंडी पट्टीच्या खाचेत बसलेले असते. बोल्ट फिरला की चौकोन फिरतो, चौकोनाबरोबर पट्टी फिरते आणि लाकूड आतून चिरते.

एका वर्षी आमच्या दलातील स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एका तरुण शिपायाने कोणालाही न विचारता दस्ता असाच घट्ट केला. बाहेरून काहीच दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी आठवडाभर एका मुठीत मावणारी त्याची गोळ्यांची जुडी सगळ्या पाटीभर पांगली, आणि तो बिचारा स्वतःच्या श्वासाला, खांद्याला दोष देत राहिला. मी रायफल कोतात नेऊन पुढचे लाकूड उतरवले, तेव्हा मागच्या टोकाला बोटभर लांबीची चीर निघाली. तसे लाकूड आम्हांला पुन्हा मिळाले नाही. म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवावे, मगच दस्त्याच्या बोल्टला हात लावावा, आणि ते उतरवता येत नसेल तर दस्ता हलू द्यावा, पण जाणकाराकडे जावे. मी स्वतः हिवाळा लागण्यापूर्वी लाकडाला जवसाचे तेल हाताने चोळून दोन दिवस मुरू देतो.

दोन रायफली एकाच सतरंजीवर साफ करू नयेत. नळी बंद करणाऱ्या बोल्टच्या मुठीवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक जुळलाच पाहिजे. अदलाबदल झालेला बोल्ट काडतुसाला नीट आधार देईलच असे नाही, आणि चेहरा त्याच्या अगदी मागे असतो.

ही काडतुसे रिमची, म्हणजे बुडाशी बाहेर आलेल्या कडेची असतात. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे ठेवावी, नाहीतर ती एकमेकांत अडकतात. चाप ओढूनही आवाज न आल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबावे.

शेवटी साफसफाई. जुन्या फौजी काडतुसांच्या बुडातील, ठिणगी देणाऱ्या टोपीतील मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो आणि तो हवेतील ओल ओढून घेतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी जूनच्या आरंभी नेमबाजी केली, नळीत भरपूर तेल सोडले, रायफल कॅनव्हासच्या खोळीत घालून कपाटात ठेवली आणि चवथीला बाहेर काढली. तेलाच्या थराखाली नळी खड्डेच खड्डे झाली होती. त्यांना वाटले तेल हलके होते. तेल उत्तमच होते, फक्त क्षार त्याच्याखाली सुखरूप राहिला होता.

त्यामुळे काडतूस कोणते आहे याची खात्री नसेल तर ते क्षाराचेच आहे असे मी समजतो. रेंजवरून घरी आलो की जेवणाच्या आधी न्हाणीतले पाणी तापवायचे भाण पेटवतो, पाणी खळखळ उकळले की बोल्ट काढून नळीचे तोंड खाली कलते धरतो आणि लाकडाला थेंब न लागू देता नरसाळ्याने दीड-दोन लिटर पाणी चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या टोकाकडून, ओततो. लोखंड इतके तापते की ते आपोआप सुकते. मग पुलथ्रूला (नळीतून ओढायची दोरी) कोरडी चिंदी लावून, दोरी नळीच्या कडेला न घासता सरळ ओढतो, बोल्टचा पुढचा भाग पुसतो आणि हलके तेल देतो. खोळ मी वापरत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चिंदी ओढतो, आणि तिच्यावर तांबूस डाग दिसला तर भाण पुन्हा पेटवतो.