जानेवारीत लडाखला निघताय? आधी संडासाची तयारी

जाकीट, मोजे, बुटांची खरेदी जळगाव-धुळ्याची मंडळी आपली आपण करतात, त्यावर मी लिहीत नाही. भुसावळहून दिल्ली, तिथून विमानानं लेह आणि पुढं एखाद्या गावात घरगुती मुक्काम, असा बेत असेल तर शौचाची तयारी निघण्याआधी करा. घरात या विषयावर कुणी बोलत नाही आणि तिथं पोचल्यावर पहिल्याच सकाळी सगळे अडतात.

आपल्याकडे शोषखड्डा बंद करून ठेवला की दीड-दोन वर्षांत आतल्या मैल्याचं खत होतं. ते काम आपली ऊबदार जमीन करते. पौषात गोबरगॅसची शेगडी मंदावते, तेव्हा थंडीचा परिणाम आपल्यालाही थोडा दिसतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीतल्या रात्री तिथला पारा शून्याखाली १५ अंशांच्याही खाली जातो. तिथं कुजणं जवळजवळ थांबतं. कावीळ आणि जुलाबाचे विषाणू मात्र गोठून मरत नाहीत, ते टिकून राहतात. वसंतात बर्फ वितळलं की तीच घाण ओढ्यात उतरते आणि ते पाणी खालच्या गावातली माणसं पितात. म्हणून दगडाआड बसून वर बर्फ लोटणं हा उपाय नव्हे. हे गटातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगा, लहान मुलांनाही.

यजमानांना फोन करून तीन गोष्टी विचारा: संडास लडाखी पद्धतीचा कोरडा आहे की फ्लशचा, हिवाळ्यात तो चालू असतो का, आणि झाकायला माती-राख पुरेशी साठवली आहे का. फ्लशच्या संडासावर भिस्त ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप फुटतात, भांडं तडकतं. त्यामुळं बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात नळच बंद ठेवतात. कोरडा संडास मात्र त्या हवेसाठीच घडलेला आहे. वरच्या खोलीत जमिनीला भोक, खाली मोठी खोली, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. उठल्यावर फावडंभर माती टाकायची, एवढंच. जमीन गोठली की माती खणता येत नाही, म्हणून गावकरी ती थंडीआधीच भरून ठेवतात. तेव्हा ती जपून वापरा, पण टाकायची चुकवू नका.

आता आपली खरी अडचण. टमरेलाशिवाय आपलं चालत नाही आणि त्या संडासात पाणी चालत नाही. ओतलेलं पाणी खाली बर्फ होऊन बसतं, ढीग सुकत नाही आणि यजमानांचं वर्षभराचं खत बिघडतं. ते खत त्यांच्या जवाच्या शेतात जायचं असतं. यावर दोनच मार्ग आहेत. कागद वापरायची मनाची तयारी घरूनच करा. ते जमणारच नसेल, तर कोमट पाण्याची छोटी बाटली आणि झाकणाची बादली घ्या, धुणं बादलीवर करा आणि ते पाणी कुठं टाकायचं हे यजमानांना विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावणं जड जातं, मला ठाऊक आहे. तरी दिल्लीच्या गाडीत बसण्याआधीच बोला.

रात्रीची सोय याहून महत्त्वाची. बाहेर जायला नको म्हणून माणसं, विशेषतः बायका, संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात. उंचीवर हे धोक्याचं आहे. डॉक्टरांनी विरळ हवेसाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी दिली असेल, तर लघवी जास्तच होते. प्रत्येकासाठी रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यावर नाव आणि ठळक खूण करा, म्हणजे अंधारात पिण्याच्या बाटलीशी गल्लत होणार नाही. डबा रात्रभर आतच ठेवा, बाहेर ठेवलात तर सकाळी रिकामा करता येणार नाही. डोक्याला बांधायची बॅटरी हवीच. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीची कमोड खुर्ची घ्या आणि बैठकीला जाड फोम लावा. उघड्या कातडीला धातू लागता कामा नये.

हातांसाठी एक थर्मास वेगळा राखा, चहाचा नव्हे. गार पाण्यानं आणि साबणानंही हात स्वच्छ होतात, पण बोटं बधिर झाली की माणूस धुणंच टाळतो. नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका, जुलाबाच्या काही विषाणूंवर तो नीट चालत नाही. पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि तीन मिनिटं तसंच उकळत ठेवा. त्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या बरंच आधी उकळतं, तरी एवढ्यानं काम होतं. क्लोरीनच्या गोळ्या बर्फगार पाण्यात हळू काम करतात, म्हणून सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट थांबा.

एक जोडून सांगतो. आपल्या रेल्वेच्या डब्यांखाली जे जैव-शौचालय असतं, त्याचं मूळ डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेनं सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी केलेल्या कामात आहे. थंडीत तग धरणारे जिवाणू त्यात मैला पचवतात. पण टाकीतलं पाणीच गोठलं तर तेही थांबतात, म्हणून तंबूचा मुक्काम ठरवणाऱ्यांनी आयोजकाला टाकी उबदार कशी ठेवणार हे विचारावं. ‘खड्डा खणू’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. संडासाच्या बंद तंबूत ऊब म्हणून शेगडी पेटवू देऊ नका, कोळशाच्या वायूनं माणूस न कळत दगावतो.

ओआरएसची पाकिटं माणशी चार-पाच घ्या. कुणाला जुलाब लागले तर त्याचा डबा वेगळा करा आणि त्याला स्वयंपाकाला हात लावू देऊ नका. ओले कागदी रुमाल गोठतात, ते आतल्या खिशात ठेवा. ते आणि वापरलेले पॅड कोरड्या संडासात टाकायचे नाहीत. दुहेरी काळ्या पिशव्या न्या, आणि लेहला परतेपर्यंत त्या बाळगायला सामानात जागा मोकळी ठेवा.