सोन्याचं कलिल निळं पडतंय? या चुका टाळा

सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) वापरून केलेलं सोन्याचं कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, माणकासारखं लाल दिसतं. त्यात बफर (सामू स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) घातला की काही सेकंदांत जांभळं, मग निळसर करडं; म्हणजे कण एकमेकांना चिकटले. बहुतेक विद्यार्थी दोष कणांना देतात आणि नव्याने सोनं खर्च करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी द्रावणातले आयन मोजा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मिठाकडे दुर्लक्ष. कणांवर सायट्रेटचा ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना लोटतात. पण भोवती जमणारे धन आयन हा प्रभार झाकतात. प्रतिकर्षण किती अंतरापर्यंत पोचेल ते डिबाय लांबीवरून कळतं. १ मिलिमोलर (तीव्रतेचं एकक) सोडियम क्लोराइडमध्ये, म्हणजे साध्या मिठाच्या द्रावणात, ती सुमारे ९.६ नॅनोमीटर असते, १५० मिलिमोलरला जेमतेम ०.८. एवढ्या जवळ व्हॅन डर वाल्स आकर्षण (कणांमधली जवळून जाणवणारी ओढ) वरचढ ठरतं आणि कण चिकटतात. फॉस्फेट बफर सलाइन या नेहमीच्या बफरमधलं मिठाचं प्रमाण याच घरातलं. म्हणून नुसत्या सायट्रेटवर तगलेले कण त्यात थेट ओतू नका. आधी थायॉल (सोन्याला घट्ट धरणारा गंधकयुक्त गट) जोडलेल्या पीईजी या पॉलिमरचा थर द्या.

मीठ घालायचंच असेल तर सौम्य द्रावण, थेंबाथेंबाने, ढवळत. तीव्र द्रावणाचा थेंब पडतो तिथे क्षणभर मिठाचं प्रमाण प्रचंड वाढतं आणि नंतरच्या सरासरीला अर्थ उरत नाही.

आयनाचा प्रभारही बघा. शुल्झ-हार्डी नियमानुसार दुहेरी प्रभाराचे मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम आयन एकेरी प्रभाराच्या सोडियमपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात कण गोळा करतात. नळाचं पाणी नको, ते यासाठीच.

सामू (pH) उतरला की सायट्रेट प्रोटॉन घेतं आणि प्रभार घटतो. सामू मोजताना इलेक्ट्रोड मुख्य बाटलीत बुडवू नका, त्यातून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं. थोडा नमुना वेगळा काढा आणि मोजून झाल्यावर परत ओतू नका.

झीटा पोटेन्शियल (कणांच्या प्रभाराचा अंदाज देणारा व्होल्टेजचा आकडा) मोजण्यासाठी नमुना शुद्ध पाण्याने पातळ करणं तर सर्रास चालतं. माध्यम बदललं की आकडाही बदलतो. कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवून वरचं स्वच्छ द्रव घ्या, त्यानेच पातळ करा. शिवाय ३० मिलिव्होल्टच्या वर कलिल टिकतं, हा ढोबळ ठोकताळा आहे. पॉलिमरचा थर असलेले कण त्याहून कितीतरी कमी आकड्यालाही टिकतात.

निळं पडलेलं कलिल पाणी घालून लाल होण्याची वाट पाहू नका. चिकटलेले कण सहसा सुटत नाहीत. ते सोन्याच्या टाकाऊ बाटलीत जमा करा.