दोस्त कसा पारखावा : बंदरावरच्या वहीवाल्याचं सांगणं

बारावी झाली की आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली पोरं मुंबईला जातात, पुण्याला जातात, नाहीतर थेट कुवेत-दुबईचं विमान पकडतात. निघताना आई बॅगेत सुक्या म्हावऱ्याची पुडी कोंबते आणि सांगते, 'चांगल्यांच्या संगतीत राहा.' पोरगा मान हलवतो. पण चांगला ओळखायचा कसा, हे त्याला कुणी सांगत नाही. मी बंदरावर बर्फ, डिझेल आणि रेशनच्या उधारीची वही लिहितो. त्या वहीतून माणसं जरा वेगळ्या बाजूने दिसतात, म्हणून हे चार शब्द.

माणूस आपल्या जिवलग दोस्ताच्या दीनवर, म्हणजे धर्माच्या वाटेवर असतो, तेव्हा दोस्ती कुणाशी करतो ते प्रत्येकाने पाहावं, ही प्रेषित मुहंमद (स.) यांची हदीस, म्हणजे त्यांचं वचन, जुम्याच्या (शुक्रवारच्या नमाजीच्या) बयानात सगळ्यांनी ऐकलेली असते. कस्तुरीवाला आणि भाता फुंकणारा लोहार यांचीही. कस्तुरीवाल्याकडे बसलास तर तो काही देईल, तू काही विकत घेशील, नाहीतर निदान सुगंध तरी मिळेल. भात्यापाशी बसलास तर कपडे जळतील, नाहीतर घाण वास तरी नाकात जाईल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपणही म्हणतोच. अडचण एवढीच की मी कस्तुरीवाला, मी लोहार, अशी पाटी गळ्यात घालून कुणी फिरत नाही.

पारखायची रीत दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या एका प्रसिद्ध रिवायतीत, म्हणजे सांगत आलेल्या गोष्टीत सापडते. त्यांच्यासमोर एकजण दुसऱ्याची ग्वाही द्यायला उभा राहिला, माणूस चांगला आहे म्हणाला. उमर (रजि.) यांनी विचारलं, तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याबरोबर सफर केलीस का? दिनार-दिरहमचा व्यवहार केलास का? तिन्ही वेळा उत्तर आलं, नाही. मग ते म्हणाले, तू त्याला मशिदीत मान खाली-वर करताना पाहिलं असशील. तू त्याला ओळखत नाहीस. मी पोरांना हेच तीन प्रश्न धरून चालायला सांगतो.

पैशापासून सुरुवात कर, कारण ते लवकर कळतं. उधार मागताना प्रत्येकजण गोडच बोलतो, त्यावर जाऊ नकोस. परत द्यायचा दिवस येतो तेव्हा तो काय करतो ते बघ. एक खलाशी पैसे नसले तरी स्वतः दुकानापर्यंत येतो आणि म्हणतो, 'चाचा, या खेपेला बांगडा लागलाच नाही, पुढच्या वाटणीत देतो.' दुसरा खिशात पैसे असताना मला टाळायला लिलावाच्या गर्दीतून वळसा घालून जातो. पहिल्याशी बिनधास्त दोस्ती कर. नवीन रूममेट असेल तर आधी थोडीच रक्कम दे, जी बुडाली तरी झोप उडणार नाही. आणि त्याच्यादेखत मोबाइलमध्ये तारखेसकट लिहून ठेव. दोस्तीत कसलं लिहायचं, असं तो म्हणेल. त्याला सांग, कुरआनातली सगळ्यांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका असं तिच्यात साफ म्हटलंय. लिहिण्यावरून जो रुसतो त्याचं रुसणंही मनात टिपून ठेव.

सफरीची गोष्ट मात्र निवांत सांगतो, कारण आम्हा बंदरवाल्यांना ती सगळ्यांत जवळून दिसते. ट्रॉलर खोल समुद्रात गेला की अनेक दिवस तीच मोजकी माणसं, तोच फळीवरचा बिछाना, आणि गोड्या पाण्याची मोजकी पिंपं. जाळं रात्री-अपरात्री ओढायचं असतं. तेव्हा हाक मारण्याआधी कोण उठतो, पोटात दुखायचं सोंग कोण करतो, चहा गाळताना शेवटचा पेला कोण स्वतःला ठेवतो, हे तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, न बोलता बघत असतो. एका होडीवर एक मोठा नमाजी खलाशी होता. पाचही वेळेला नमाजीआधी वजू (हात-तोंड-पाय धुणं) करायचा, पण पिंपातल्या गोड्या पाण्याने, तेही सढळ हाताने. परतीच्या आदल्या दिवशी बाकीचे घोट घोट पाणी पीत होते. तांडेल फारसा शिकलेला नव्हता, पण त्याने त्याला बाजूला घेऊन एक हदीस सांगितली. प्रेषितांना (स.) एकाने विचारलं होतं, आम्ही दर्यावर जातो, थोडंच पाणी बरोबर असतं, त्याने वजू केला तर तहानलेले राहू; मग समुद्राच्या पाण्याने वजू करावा का? जबाब मिळाला, समुद्राचं पाणी पाक आहे आणि त्यातलं मेलेलं हलाल. म्हणजे दीनने त्याला सवलत आधीच दिली होती, याला ती दिसली नाही कारण बाजूचा तहानलेला माणूसच दिसला नव्हता. तो माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण रूम शेअर करायला मी पोराला त्या तांडेलासारखा साथी शोधायला सांगेन.

तुला होडीवर जायचं नसेल तर एसटीने कुणाबरोबर तरी लांबचा प्रवास कर, शिमग्याच्या नाहीतर गणपतीच्या गर्दीत कोकण रेल्वेच्या जनरल डब्यातून ये. खिडकीची जागा कोण घेतो, म्हाताऱ्याला बघून कोणाला अचानक झोप लागते, सगळं एका रात्रीत कळतं.

शेजाराचं लवकर आटपतं. एकदा त्याच्या घरी जा आणि तो आईशी कोणत्या आवाजात बोलतो ते ऐक. ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही तो मोमीनच (ईमानवालाच) नाही, असं प्रेषितांनी (स.) अल्लाहची शपथ घेऊन सांगितलंय. यापेक्षा जास्त मी काय बोलू.

उमर (रजि.) यांच्या तीन प्रश्नांत मी माझा एक जोडतो, जिभेचा. पावसाळी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसतात, आणि हात जाळ्यावर असले तरी तोंड मोकळं असतं. बंदरावर एकालाही त्याच्या खऱ्या नावाने हाक पडत नाही, टोपणनावं आमच्या अंगवळणी पडलीत. सूरह हुजुरातमध्ये वाईट टोपणनावं ठेवू नका म्हटलंय, आणि लगेच पुढच्या आयतीत पाठीमागच्या निंदेला मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय. हाक ऐकून तो माणूस हसून वळतो की त्याचा चेहरा पडतो, एवढं बघ. आणि चेहरा पडलेला दिसूनही जो पुन्हा तेच नाव घेतो, त्याच्याजवळ मनातलं बोलू नकोस.

पोरं हमखास विचारतात, चाचा, दुसऱ्या धर्माचा दोस्त चालतो का? अरे, आमच्या होड्यांवर दालदी, खारवी, भंडारी, नेपाळी एकाच पातेल्यातलं कालवण जेवतात. जे तुमच्याशी दीनवरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून हाकललं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि इन्साफने वागायला अल्लाह मना करत नाही, असं सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत आहे. इसवी 622 मध्ये हिजरतीच्या वेळी, म्हणजे मक्का सोडून मदीनेला जाताना, मक्केचे लोक मागावर असताना प्रेषितांनी (स.) आणि त्यांचे साथी अबू बक्र (रजि.) यांनी आपली उंटं ज्या वाटाड्याच्या हवाली केली, तो मुसलमान नव्हता. तीन रात्रींनी तो उंटं घेऊन सौर डोंगराच्या गुहेपाशी ठरल्याप्रमाणे हजर झाला. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजीच्या वेळी 'जा, तू नमाज पढून ये, मग निघू' म्हणून जो बाइकवर थांबून राहतो, त्याला जप.

आता संगत चुकीची निघाली तर? तोडून टाक म्हणणारे भरपूर भेटतात. मला ते पटत नाही. आपल्या भावाला मदत करा, तो जालीम (जुलूम करणारा) असो की मजलूम (जुलूम सोसणारा), असं प्रेषित (स.) म्हणाले तेव्हा सहाबांनी, म्हणजे त्यांच्या साथीदारांनी विचारलं, जालीमाला कशी? उत्तर आलं, त्याचा हात धरून त्याला थांबवा. एकदा चारचौघांत नव्हे, एकट्यात सांगून बघ. नाही ऐकलं तर रात्रीची बैठक बंद कर, उधार बंद कर, त्याच्या गाडीवर मागे बसणं बंद कर. सलाम चालू ठेव. भांडणापायी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरायला मनाई आहे, आणि जो आधी सलाम करतो तो दोघांतला चांगला.

चांगला दोस्त मिळाला तर त्याला तसं सांग. हे मी पोरांना सांगितलं की ती लाजून इकडेतिकडे बघतात. पण अबू दाऊद या हदीसच्या संग्रहात हदीस आहे, आपल्या भावावर प्रेम असेल तर ते त्याला कळवा. घरून सांदणं आली की त्याच्या ताटलीत दोन जास्त टाक आणि म्हण, 'तू मला अल्लाहसाठी आवडतोस.' तो हसला तरी चालेल.