वारा फिरला की हॉट एअर बलून खाली कसा आणायचा

बलूनला ना स्टिअरिंग ना ब्रेक, हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं, त्यामुळे दिशा हवी असेल तर ज्या उंचीवर वारा आपल्याला हवा तिकडे वाहतोय ती उंची शोधायची, एवढाच काय तो कंट्रोल. उत्तर गोलार्धात सपाट भागावर खाली येताना वारा साधारण डावीकडे वळतो (दक्षिणेत उलटं), म्हणजे मैदान जरा डाव्या हाताला दिसत असेल तर उलट बरंच. डोंगर-दऱ्यांत मात्र हे गणित धरून चालू नका.

खालचा वारा वर असतानाच बघून घ्यायचा. धूर, झेंडे, तळ्यावरच्या लाटा, चेस गाडीतल्या (खालून बलूनच्या मागे येणाऱ्या गाडीतल्या) माणसाला रेडिओवर विचारणं, आणि सगळ्यात फुकट उपाय म्हणजे बास्केटमधून खाली थुंकणं. हसू नका, पायलट खरंच करतात, थेंब कुठे वळतो त्यावरून खालच्या थरांचा अंदाज येतो. शेव्हिंग फोमचा गोळा टाकला तर जास्त लांबपर्यंत दिसतो.

सकाळी जमिनीलगत शांत असतं पण जरा वर वारा जोरात असू शकतो, ऊन तापलं की तो जोर खाली उतरतो आणि झोत सुरू होतात. म्हणून ‘अजून थोडं फिरू’ हा मोह नको, एक-दोन प्रयत्न फसले तरी पुरेल एवढा गॅस असतानाच मैदान निवडायचं.

आता विजेच्या तारा, कारण बरेचसे जीव जातात ते इथेच. वरून तार दिसतच नाही, खांब दिसतात, मग दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं समजायचं आणि शक्यतो तारांच्या पलीकडचंच मैदान धरायचं. बर्नर मारला की बलून लगेच उचलत नाही, मध्यम आकाराच्या बलूनमध्येसुद्धा अडीच टनांच्या आसपास हवा असते, तिला काही सेकंद लागतातच, त्यामुळे वर जायचं तर लवकर ठरवा. तार चुकणारच नाही असं दिसलं तर वरून काढायच्या भानगडीत पडू नका, व्हेंटची (बलूनच्या माथ्यावरची गरम हवा सोडणारी झडप) लाल दोरी पूर्ण ओढा, गॅस आणि पायलट लाइट (बर्नरची कायम पेटती छोटी ज्योत) बंद, आणि खाली या. तारेला कापड लागलेलं परवडतं, बास्केट नाही.

जोराच्या वाऱ्यात झाडांच्या आडोशाला उतरणं चांगलं, फक्त आडोशात शिरताच वाऱ्यामुळे मिळणारी खोटी लिफ्ट जाते आणि बलून धपकन खाली येतो, तेव्हा बर्नरवर हात तयार हवा.

टेकायच्या आधी सगळ्यांनी बलून जातोय त्या दिशेकडे पाठ करायची, गुडघे किंचित वाकवून आतले दोर घट्ट धरायचे. बास्केट आडवी होऊन फरफटत जाईल, जाऊ दे, दोरी सोडायची नाही. आणि पायलटने सांगेपर्यंत कोणीही उडी मारायची नाही, कारण एकाचं वजन कमी झालं की उरलेल्यांना घेऊन बलून परत उचलू शकतो.