खळ्यातला क्राक

मी चिऱ्याचं काम करणारा गवंडी. विजयदुर्गाच्या अलीकडे आमचं गाव. दरवर्षी वाडीतली मुलं माझ्या खळ्यात दिवाळीचा किल्ला करतात. रायगड झाला, सिंधुदुर्ग तर तीनदा झाला. गेल्या वर्षी पुतण्याने सीरियातल्या क्राक दे शेव्हालिये या जुन्या किल्ल्याचा फोटो आणला आणि हाच करायचा म्हणून हटून बसला. तो कसा उभा केला ते लिहितो. कुणाला करायचा असेल तर उपयोग होईल.

आधी जागा. क्राक डोंगराच्या सोंडेवर आहे. तीन बाजूंना उतार, दक्षिणेला मात्र सोंड मागच्या डोंगराला जोडलेली. विजयदुर्गाला तीन बाजूंना पाणी आणि एका अंगाला जमीन, तशीच गत. शत्रू तिथूनच येणार, म्हणून सगळा जोर त्या बाजूला. गडग्याला, म्हणजे खळ्याच्या दगडी कुंपणाला, लागून पाच फूट बाय चार फूट जागा घ्या आणि गडग्याकडची बाजू दक्षिण समजा. खाली चिऱ्याचे कपरे रचा, वर वारुळाची माती, भाताचं तूस आणि थोडं शेण एकत्र मळून थापा. नुसती तांबडी माती नको. परतीच्या पावसाची एक सर आली की बुरूज बसतो.

तट दोन, एकाच्या आत एक. बाहेरचा वीतभर उंच, आतला दीड वीत. आतला उंच का, हे मुलांना फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, काडी ठेवून दाखवा: आतल्या तटावरून मारलेला बाण बाहेरच्या तटावरच्या आपल्याच माणसांच्या डोक्यावरून गेला पाहिजे.

आता खरं गवंडीकाम. आतल्या तटाला दक्षिणेला आणि पश्चिमेला पायथ्याशी प्रचंड उतरती भिंत आहे, काही ठिकाणी 25 मीटरच्या आसपास जाड. त्या काळी तट पाडायचा तर खालून भुयार खणायचं, आतला भार लाकडी टेकूंवर तोलायचा आणि शेवटी ते टेकू जाळायचे. दारू न लावता बुरूज खाली येतो. पण पायथाच एवढा जाड असेल तर खणणारा किती खणेल? शिवाय 1170 आणि 1202 च्या भूकंपांनी त्या मुलखातली बांधकामं हलवलेली. हा उतार करताना घाई करू नका. ओल्या मातीचे तीन थर द्या, प्रत्येक थर एक रात्र सुकू द्या, आणि थापीने खालून वर ओढा. वरून खाली ओढलात तर भेगा पडतात. दोन तटांच्या मध्ये, दक्षिणेलाच, पाण्याचा मोठा हौद आहे. त्यासाठी करवंटी पुरा.

दरवाजा सरळ ठेवायचा नाही. पूर्वेकडून आत शिरलेली वाट छपराखालून चढते आणि मध्येच उलटी वळते. गोमुखी दरवाजा पाहिलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. रंगाला शिंपल्यांचा चुना, चिमूटभर हळद घालून, कारण तिथला दगड चुनखडीचा, फिकट आहे.

गणपतीच्या शाळेत उरलेली शाडू माणसांसाठी आणा. क्राक मुळात कुर्दांच्या ठाण्याची जागा, अरबी नाव हिस्न अल-अक्राद. 1142 मध्ये त्रिपोलीच्या (आजच्या लेबनॉनमधल्या) काउंटने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती सरदाराने, तो हॉस्पिटलर नाइटांना दिला. जेरुसलेममध्ये आजारी यात्रेकरूंची सेवा करणारा हा पंथ, पुढे शस्त्रधारी झाला. काळा झगा, त्यावर पांढरा क्रूस. 13 व्या शतकाच्या सुरुवातीला किल्ल्यात सुमारे 2000 माणसं असत, पण त्यात नाइट मूठभरच. म्हणून झग्याच्या बाहुल्या पाच-सहा पुरेत. बाकीचे साधे शिपाई, भटारी, मोतद्दार. हे प्रमाण चुकवू नका.

इथे पुतण्याने विचारलं, "काका, ह्यात आपले खंयचे? आणि महाराज खंय बसवचे?"

मी काम थांबवलं. आपल्या किल्ल्यावर महाराज वर बसतात, ते बरोबरच. क्राकवर कुणाला बसवू? 15 जुलै 1099 ला क्रुसेडरांनी, म्हणजे धर्मयुद्धासाठी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती फौजांनी, जेरुसलेम घेतलं तेव्हा आतल्या मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल केली. 1187 मध्ये मुसलमान सुलतान सलाउद्दीनने तेच शहर घेतलं तेव्हा पुरुषामागे 10 दिनार, बाईमागे 5 अशी खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यातले हजारो गुलाम झाले. 1191 मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्डने अक्को बंदराजवळ सुमारे 2700 मुसलमान कैदी मारले. पुढे 1271 मध्ये क्राक जिंकणाऱ्या इजिप्तच्या सुलतान बायबर्सच्या फौजेने त्याच्या तीन वर्षं आधी अँटिऑक शहरात कापाकापी केली होती. मुलांना हे सगळं सांगितलं, लहान आहेत म्हणून गाळलं नाही. मग आम्ही वरची जागा रिकामी ठेवली.

त्याऐवजी प्रसंग निवडला 8 एप्रिल 1271 चा. वेढ्याला पाच आठवडे झालेले. बाहेरचा तट पडलेला, आसऱ्याला आलेले गावकरी तिथेच सापडलेले, नाइट आतल्या तटात. बायबर्सने नाइटांच्या त्रिपोलीतल्या वरिष्ठाच्या नावाने शरण जा असं खोटं पत्र आत धाडलं, असं सांगतात. किल्ला खाली झाला आणि आतल्यांना त्रिपोलीपर्यंत सुखरूप जाऊ दिलं. खोटं पत्र वाईट की बरं, यावर मुलांचं संध्याकाळपर्यंत भांडण चाललं. मला विचाराल तर त्या दिवशी आतल्या तटापाशी जे रक्त वाचलं ते मला मोलाचं वाटतं. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांना शस्त्रं, चीजवस्तू आणि कुटुंबांसह जाऊ दिलं, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक दिली. तीही आपली हजारो माणसं पडल्यानंतर. मुलांना तुलना सांगायची तर ही सांगा.

तर दरवाजा उघडा ठेवा. काळे झगे, शिपाई, भटारी रांगेने बाहेर निघालेले, तोंड ओटीच्या पायरीकडे, तीच त्रिपोली. गावकरी बाहेरच्या तटात शेवटपर्यंत राहू द्या, त्यांना विसरू नका. आतल्या सज्जापाशी पाटीचा तुकडा लावा. तिथे लॅटिनमध्ये कोरलंय त्याचा अर्थ असा: तुला संपत्ती मिळो, शहाणपण मिळो, रूप मिळो, पण सोबत गर्व आला तर तो एकटाच सगळं विटाळतो. आमच्याकडे ते सर्वांत धाकटीने खडूने लिहिलं.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडा. माती माडाच्या आळ्यात, कपरे पुन्हा गडग्यावर. बाहुल्या मात्र सुक्या तुसात ठेवा, नाहीतर ओल धरतात.