जवळची खुर्ची आणि दूरचा डोंगर: पॅनोरमा छायाचित्रण शिकताना

पॅनोरमाचे माझे पहिलेच चित्र कोणत्याही तयारीशिवाय उत्तम जमले, आणि पुढे बराच काळ मी जे चुकीचे समजत राहिले त्याचे मूळ त्या यशातच होते. एका डोंगरकड्यावर उभे राहून, कॅमेरा हातात धरून, स्वतःभोवती थोडेथोडे वळत मी सात फ्रेम घेतल्या. घरी येऊन त्या सॉफ्टवेअरला दिल्या आणि काही मिनिटांत समोरची सगळी डोंगररांग एका लांबलचक चित्रात, कुठेही सांधा न दिसता, पडद्यावर आली. आपण फ्रेम घ्यायच्या, बाकीचे सॉफ्टवेअर पाहून घेते, अशी माझी खात्री झाली.

ती खात्री एका सभागृहाच्या कामात मोडली. पैसे घेऊन केलेले ते माझे पहिलेच काम होते. खुर्च्यांच्या पुढच्या रांगेपासून जेमतेम मीटरभर अंतरावर ट्रायपॉड लावून मी चारही बाजू टिपल्या. जोडणी झाल्यावर मागची भिंत, छत, रंगमंच सारे जागच्या जागी होते. पण समोरच्या एका खुर्चीला पाच पाय होते आणि तिच्या शेजारच्या खुर्चीचा हात मधोमध तुटून बाजूला सरकला होता. दोन रात्री त्या सांध्यांवर ब्रश फिरवत बसले आणि अखेर पुन्हा परवानगी मागून सगळे चित्रण नव्याने केले. दुसऱ्या फेरीचा खर्च अर्थातच माझ्या खिशातून गेला.

डोंगर दूर होता आणि खुर्ची जवळ होती, एवढाच दोन्ही प्रसंगांतला फरक. कॅमेरा वळवताना लेन्सची जागाही सरकली, तर जवळची वस्तू मागच्या पार्श्वभूमीच्या तुलनेत सरकलेली दिसते. हात लांब करून अंगठा धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा, म्हणजे अंगठा समोरच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. तोच हा पॅरॅलॅक्स. नुसत्या वर्णनाने मला त्याचे गांभीर्य कळले नव्हते, आकडेमोड केल्यावर कळले. साध्या ट्रायपॉडवर फिरण्याचा अक्ष कॅमेऱ्याच्या तळातल्या स्क्रूमधून जातो, आणि लेन्स जिथून दृश्य 'पाहते' तो बिंदू त्याच्या पुढे, समजा ८ सेंटिमीटरवर, असतो. कॅमेरा ३६ अंश वळवला की तो बिंदू जवळजवळ ५ सेंटिमीटर सरकतो. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आणि २४ मिमीची लेन्स धरली, तर या सरकण्यामुळे १ मीटरवरची खुर्ची पार्श्वभूमीच्या तुलनेत सुमारे २०० पिक्सेल हलते, १० मीटरवरचा खांब २० पिक्सेल हलतो आणि १०० मीटरवरचे झाड अवघे २ पिक्सेल. दोन पिक्सेलचा फरक सॉफ्टवेअर सहज पोटात घालते. दोनशेचा घालू शकत नाही, कारण तिथे दोन फ्रेमनी खरोखरच वेगवेगळे दृश्य पाहिलेले असते: एका फ्रेममध्ये खुर्चीने झाकलेला भिंतीचा तुकडा दुसरीत उघडा असतो, आणि चित्र कितीही ताणले किंवा वाकवले तरी ही विसंगती जात नाही.

यातून नवोदितांना पहिला सल्ला निघतो, आणि तो खिशाला परवडणारा आहे. उपकरणे विकत घेण्याआधी आपल्या दृश्यात सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे ते पाहावे. दऱ्याडोंगर, गच्चीवरून दिसणारे शहर, समुद्रकिनारा अशा विषयांसाठी पॅनो हेडची, म्हणजे लेन्सचा तो बिंदू फिरण्याच्या अक्षावर आणून देणाऱ्या बैठकीची, गरज नसते. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये टेकडीवरच्या एका घरातून सॅन फ्रान्सिस्को शहराचा पॅनोरमा १३ काचांवर घेतला. उंच जागा निवडली की जवळच्या वस्तूंची अडचण आपोआप कमी होते, हे त्या काळीही खरे होते. खोल्या, जिने, बागेतल्या पायवाटा, यंत्रशाळा यांसाठी मात्र अक्ष योग्य बिंदूतून नेण्याला पर्याय नाही.

या बिंदूला छायाचित्रकारांच्या बोलण्यात सर्रास नोडल पॉइंट म्हणतात. प्रकाशशास्त्राच्या हिशेबाने ते नाव चूक आहे. लेन्समध्ये समोरून डोकावले असता ॲपर्चरचे भोक जितक्या खोलीवर असल्यासारखे दिसते, ती जागा आपल्याला हवी असते. नावावरून वाद घालण्यापेक्षा ती जागा शोधण्यात एक दुपार घालवावी. मी ती अशी शोधली. प्रथम कॅमेरा पॅनो हेडवर उभा बसवून तोंड सरळ खाली वळवले आणि हेड फिरवताना तळाच्या स्क्रूचा मध्य फ्रेमच्या मध्यातून हलत नाही, इतके डावे-उजवे सरकवून घेतले. मग जुन्या छत्रीची एक काडी मीटरभर अंतरावर एका स्टँडला चिकटपट्टीने उभी बांधली आणि दूरच्या इमारतीच्या कडेशी ती जुळवली. आता कॅमेरा उजवीकडे वळवत काडी फ्रेमच्या डाव्या टोकाला आणायची, पडद्यावर ती जागा मोठी करून पाहायची, आणि मग डावीकडे वळवून उजव्या टोकाला तेच करायचे. उजवीकडे वळवल्यावर काडी इमारतीच्या कडेच्या डावीकडे सरकली, तर कॅमेरा अक्षाच्या फार पुढे आहे, तो मागे घ्यावा; उजवीकडे सरकली, तर पुढे ढकलावा. सुरुवातीला मी पाच-पाच मिलिमीटरने सरकवत होते, शेवटी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने, आणि एका क्षणी काडी कडेला अशी चिकटून राहिली की कॅमेरा कुठेही वळवला तरी दोघांमध्ये फट पडेना. पट्टीवरचा आकडा तिथल्या तिथे वहीत लिहून ठेवला. झूम लेन्सवर हा आकडा प्रत्येक फोकल लेंथला (लेन्सच्या मिमीच्या आकड्याला) बदलतो, फोकसचे अंतर बदलल्यानेही थोडा हलतो. म्हणून शिकण्याच्या काळात एकच, स्थिर फोकल लेंथची लेन्स वापरावी असे माझे ठाम मत आहे.

उपकरणांच्या खरेदीचा क्रमही मी उलटा केला होता. आधी महागडी लेन्स घेतली आणि ती एका डगमगत्या ट्रायपॉडवर ठेवली. माझ्या मते आधी भक्कम ट्रायपॉड, मग त्याचे पाय न हलवता वरचा भाग समतल करणारा लेव्हलिंग बेस, त्यानंतर ठरावीक अंशांवर खट्कन थांबणारा रोटेटर आणि शेवटी कॅमेरा उभा धरणारी, पुढे-मागे सरकणारी पट्टी असलेला पॅनो हेड, असा क्रम असावा. ट्रायपॉड समतल न करता फक्त बॉल हेडवर (गोळ्यावर कुठेही कलणाऱ्या बैठकीवर) कॅमेरा समतल करून फिरवणे निरुपयोगी, कारण फिरणारा भाग बॉलच्या खाली असेल तर प्रत्येक फ्रेम तिरकी होत जाते आणि जोडलेले क्षितिज केळीच्या आकाराचे निघते. शटरसाठी रिमोट घ्यावा. तो स्वस्त असतो आणि फरक लगेच दिसतो.

किती फ्रेम घ्यायच्या, याचे गणित सोपे आहे. फुल फ्रेमवर उभ्या धरलेल्या २४ मिमी लेन्सला आडवे सुमारे ५३ अंश दिसतात. शेजारच्या फ्रेम ३० टक्के एकमेकींवर चढल्या पाहिजेत असे धरले, तर प्रत्येक फ्रेममधून नवे ३७ अंश मिळतात, म्हणजे पूर्ण फेरीला १० फ्रेम आणि रोटेटर ३६ अंशांवर. ५० मिमी लेन्सला २७ अंश दिसतात, तिथे २० फ्रेम लागतात. माथ्यापासून पायापर्यंत संपूर्ण गोल हवा असेल तर २४ मिमीने वर, मध्ये, खाली अशा तीन ओळी घ्याव्या लागतात, तर १५ मिमीच्या फिशआय लेन्सने (कडेच्या रेषा वाकवून अतिशय रुंद दृश्य टिपणाऱ्या) ६ फ्रेम भोवती, १ वर आणि १ खाली एवढ्यात काम भागते. गर्दीच्या किंवा बदलत्या उजेडाच्या ठिकाणी मी निःसंकोच फिशआय वापरते. तपशील कमी मिळतो, पण पाच मिनिटांचे काम एका मिनिटात होते आणि तेवढ्या वेळात सावल्या सरकत नाहीत.

कॅमेऱ्यात स्वयंचलित म्हणून जे काही आहे ते बंद करावे. एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत तेच राहिले पाहिजेत, नाहीतर आकाशात फिकट-गडद पट्टे उमटतात. एक्स्पोजर दृश्याच्या सर्वांत उजळ भागाकडे पाहून ठरवावे आणि चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या नोंदीत, घ्यावीत. २४ मिमी लेन्सचे ॲपर्चर एफ ८ ठेवून ती २.४ मीटरवर फोकस केली की साधारण १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते; मीटरभरावरची खुर्ची त्यात बसत नाही, म्हणून सभागृहाच्या दुसऱ्या फेरीत मी एफ ११ घेतला होता. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर पिशवीतच राहू द्यावा. आकाशातला प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक ध्रुवीभूत असतो, त्यामुळे रुंद चित्रात तिथे निळा-काळा डाग पडतो आणि तो नंतर पुसता येत नाही.

चित्रणाच्या वेळची एक सवय मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने लावली: प्रत्येक संचाआधी आणि नंतर स्वतःच्या तळव्याचा फोटो घ्यायचा. एका दिवसात पाच-सहाशे सारख्याच दिसणाऱ्या फ्रेम जमल्या की कुठला संच कुठे संपला ते याच तळव्यांवरून कळते. माणसे फिरत असतील तर सांध्याच्या पट्ट्यात कोणी नाही असा क्षण येईपर्यंत थांबावे, किंवा तीच फ्रेम दोनदा घ्यावी आणि नंतर मास्कने, म्हणजे नको तो भाग सॉफ्टवेअरमध्ये झाकून, हवा तो भाग ठेवावा.

जोडणीबद्दल लिहिण्यासारखे खूप आहे, पण सॉफ्टवेअर आत काय करते ते कळले की निम्म्या अडचणी आपल्या आपण सुटतात. ते प्रत्येक फ्रेममध्ये ठळक, ओळखता येण्याजोगे बिंदू शोधते. डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट ही अशीच पद्धत. दोन फ्रेममधल्या त्या बिंदूंच्या जोड्या लावल्या की त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात, आणि त्यांवरून प्रत्येक फ्रेमची दिशा व लेन्सची वक्रता काढली जाते. कोऱ्या पांढऱ्या भिंतीच्या फ्रेम का जुळत नाहीत, याचे उत्तर इथेच आहे: तिथे ओळखण्यासारखे काही नसते. अशा वेळी शेजारच्या फ्रेमच्या अंशांवरून त्या फ्रेमची जागा हाताने भरावी, आणि रोटेटरचे खटके इथे पुन्हा उपयोगी पडतात.

मी शिकले ते हगिन या जोडणीच्या सॉफ्टवेअरवर. हेल्मुट डेर्श यांनी १९९८ च्या सुमारास लिहिलेल्या पॅनोरमा टूल्सवर ते आधारलेले आहे, मोफत आहे आणि आतले सगळे आकडे उघडे दाखवते. म्हणून मी नवोदितांना पहिले सहा महिने तेच सुचवते. व्यवसायात अनेक जण पीटीगुई वापरतात, कारण मोठे संच ते झपाट्याने उरकते. कुठलेही वापरले तरी एका बटणात निघालेल्या चित्रावर समाधान मानू नये. ढगांवर, पानांवर, चालत्या माणसांवर पडलेले कंट्रोल पॉइंट काढून टाकावेत, दरवाजांच्या चौकटींवर उभ्या रेषांच्या खुणा द्याव्यात म्हणजे क्षितिज सरळ होते, आणि सरासरी चूक दोनेक पिक्सेलच्या आत येईपर्यंत पुन्हा पुन्हा गणित करून घ्यावे. चूक वीसवर अडून बसली असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो, पट्टीवरचा आकडा चुकलेला असतो.

गोलाकार दृश्य सपाट कागदावर आणताना काहीतरी वाकणारच, हे नकाशे काढणाऱ्यांइतकेच आपल्यालाही लागू आहे. रेक्टिलिनिअर प्रक्षेपात सरळ रेषा सरळ राहतात, पण १२० अंशांच्या जवळ गेले की कडेच्या वस्तू भयंकर ताणल्या जातात. सिलिंड्रिकलमध्ये पूर्ण फेरी बसते, पण क्षितिजाखेरीजच्या आडव्या रेषा कमानीसारख्या होतात. फिरवून पाहायच्या आभासी सफरींसाठी रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असलेला इक्विरेक्टँग्युलर प्रक्षेप लागतो.

फाइलच्या मर्यादाही आधीच माहीत असाव्यात. वर सांगितलेल्या कॅमेऱ्यावर २४ मिमीने पूर्ण फेरी सुमारे २५,००० पिक्सेल रुंद होते आणि ५० मिमीने ५२,०००. फोटोशॉपची पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलपुढे जात नाही, तिथे त्याच सॉफ्टवेअरची मोठ्या चित्रांसाठीची पीएसबी घ्यावी लागते. जेपेगची सीमा ६५,५३५. काम सोपवण्याच्या आदल्या रात्री 'फाइल साठवता येत नाही' ही सूचना वाचण्याचा अनुभव मी घेतला आहे.

कामे मुख्यतः इमारतींच्या अंतर्भागांची, आभासी सफरींची, जुन्या वास्तूंच्या नोंदीची आणि संगणकीय ॲनिमेशनसाठी लागणाऱ्या प्रकाश-नकाशांची असतात. यांतल्या शेवटच्या प्रकारात प्रत्येक दिशेला कमी-जास्त एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम घ्याव्या लागतात. त्याकडे वर्षभराचा सराव झाल्यावर वळावे. दर ठरवताना नवोदित फक्त चित्रणाचे तास मोजतात. माझ्या नोंदींनुसार चित्रणाच्या एका तासामागे जोडणी, मास्क आणि चित्रात खाली दिसणारा ट्रायपॉड पुसण्याचे तीन तास जातात, आणि कामाचा अंदाज देताना मी तेच चार तास लिहिते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एक खोली आणि एक खुर्ची देते. खुर्ची लेन्सपासून मीटरभरावर, दोन फ्रेमच्या सांध्यावर येईल अशी ठेवायची. एकदा साध्या ट्रायपॉडवर आणि एकदा बिंदू जुळवलेल्या पॅनो हेडवर पूर्ण फेरी घ्यायची, दोन्ही संच त्याच दिवशी स्वतः जोडायचे आणि दोन्ही चित्रांत खुर्चीचे पाय मोजायचे.